बुंध्याचे खवले पाहिलेस का?

ते कात्रण आधी खिशात घाल आणि इकडे समोर ये. बाकीच्यांनीही वह्या मिटून ऐका. बातमीत नाव एकाचंच छापलं असलं, तरी ती श्रीवर्धनपासून बागमांडल्यापर्यंत फिरवण्यात तुम्ही सगळेच पुढे होता.

‘हरिहरेश्वरात आढळला भारतात प्रथमच दुर्मीळ नेचा.’ मथळा तुला पाठ झाला असेल. आता मला सांग, त्या नेच्याच्या बुंध्याचे खवले पाहिलेस का? पानाची मागची बाजू भिंगाखाली धरलीस का? पर्णिका दांड्याला जिथे चिकटते तिथे सांधा आहे की नाही, हे बोटाने चाचपलंस का? बीजाणू काचपट्टीवर घेतलेस का? वाळवलेला नमुना कुठे आहे? नाही ना? तुझ्याकडे आहेत मोबाईलमधले फोटो आणि त्यांच्याखाली एका ॲपने लिहून दिलेलं नाव, टेरिस लाँगिफोलिया. ते नाव तू भारतातल्या नेच्यांच्या अलीकडच्या यादीत शोधलंस, सापडलं नाही, आणि देशाच्या वनस्पतींत आपण एक भर घातली असं ठरवून मोकळा झालास. त्याच रात्री बातमीदाराला फोन केलास. मला केला नाहीस.

तो फोटो मी नीट पाहिला. सुपारीच्या वाडीतली जुनी विहीर, जांभ्या चिऱ्याचं बांधकाम, दगडांमध्ये चुन्याचे सांधे, आणि त्या सांध्यांतून बाहेर झुकलेली लांब पानं. दांड्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद, लांबट पर्णिका. खालच्या पर्णिका आखूड होत होत अगदी कानाएवढ्या झालेल्या, आणि टोकाची एकटी पर्णिका चांगली लांब. अरे, हा टेरिस व्हिटाटा आहे! जुनी भिंत, जुना पूल, विहीर, गटाराचा कठडा, जिथे चुना आणि ओल असेल तिथे हा उगवतो. तुमच्या कॉलेजच्या मागच्या कुंपणाच्या भिंतीवरही तो आहे आणि तुम्ही रोज त्याच्याजवळून चहाला जाता. त्याला दुर्मीळ म्हणताना जरा तरी जीभ अडखळायला हवी होती.

लिनियसने या दोन्ही जातींना १७५३ साली एकाच ग्रंथात नावं दिली. व्हिटाटाचा नमुना चीनमधून आलेला, लाँगिफोलिया वेस्ट इंडीजकडचा. दिसायला दोघं इतके जवळचे की फोटोवरून भले भले फसतील. लाँगिफोलियाच्या पर्णिका दांड्याला सांध्याने जोडलेल्या असतात, व्हिटाटाला तो सांधा नसतो. एवढीशी गोष्ट. ती फोटोत दिसत नाही, त्यामुळे ॲपला ती कळण्याचा प्रश्नच नव्हता. तुला कळली असती, कारण तू त्या विहिरीपाशी होतास, हात पोचेल एवढ्या अंतरावर होतास आणि तुझ्या गळ्यात मी दिलेलं भिंग होतं. मला राग आलाय तो याचा. ज्याच्याकडे साधन नाही त्याला मी कधी बोलत नाही.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. लाँगिफोलिया हे नाव भारतातल्या नेच्यांच्या पुस्तकांत नाही, असं तू बातमीदाराला छातीठोकपणे सांगितलंस. कोणकोणती पुस्तकं पाहिलीस? एकही नाही, फक्त एक यादी. कर्नल बेडोम हा मद्रास इलाख्याच्या वनखात्याचा प्रमुख. त्याने १८६३-६४ मध्ये दक्षिण भारतातल्या नेच्यांचा सचित्र ग्रंथ काढला, मागोमाग ब्रिटिश हिंदुस्थानातल्या नेच्यांचा काढला आणि १८८३ मध्ये रानात बरोबर नेता येईल असं एक पुस्तक लिहिलं. त्याच्याकडे तुझा हा भिंतीवरचा नेचा टेरिस लाँगिफोलिया याच नावाने आहे! त्या काळातले बहुतेक जाणकार व्हिटाटाला लाँगिफोलियातच धरत. पुढच्या अभ्यासकांनी नमुने समोरासमोर ठेवून दोन जाती पुन्हा वेगळ्या केल्या, आपल्याकडच्या वनस्पतीला व्हिटाटा हे नाव परत मिळालं आणि भारताच्या याद्यांतून लाँगिफोलिया गेलं. म्हणजे ते नाव आज यादीत नाही, ते कोणी पाहिलं नव्हतं म्हणून नव्हे. अनेकांनी पाहिलं, तपासलं आणि विचार करून काढून टाकलं. ज्यांनी ती जुनी चूक निस्तरली त्यांच्या कष्टांवर तू एका संध्याकाळी पाणी ओतलंस, आणि तीच चूक नवा शोध म्हणून पुन्हा घरात आणलीस.

यादी हे काही दुकानातलं दरपत्रक नाही, की नाव नाही म्हणजे माल नाही. यादीत नाव का नाही, हे विचारायला शिका. ते दुसऱ्या नावाखाली असेल, चुकीचं ठरून वगळलं असेल, किंवा त्या पुस्तकाचा विषयच वेगळा असेल. मागे एकाने मला येऊन सांगितलं की कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात अमुक नेचा नाही, तेव्हा तो नवा असणार. त्या ग्रंथात एकही नेचा नाही. कुकने फक्त सपुष्प वनस्पती घेतल्या होत्या. निदान प्रस्तावना तरी वाचत जा.

‘भारतात प्रथम’ हे शब्द वापरताना आपण काय बोलतो, हे तुम्हाला कळतं का? ‘या विहिरीत हा नेचा आहे’ हे तुझ्या डोळ्यांपुरतं विधान झालं. ‘याआधी तो या देशात कुणाला मिळाला नव्हता’ हे विधान तुझ्या आधी या मातीत वाकून पाहिलेल्या प्रत्येक माणसाबद्दल आहे. आणि ती माणसं थोडीथोडकी नाहीत. कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापून घेतला. शेवटच्या खंडात नेचे आहेत. इथल्या आंब्या-फणसांच्या खोडांवर चढणारं आपलं बाशिंगही त्यात आहे. या कामात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. आपण कोणतं काम केलं, कसं केलं, याची साक्ष त्यांनी १६७५ मध्ये नागरी लिपीत स्वतःच्या नावांनिशी लिहून दिली आणि ती पहिल्या खंडात तशीच छापली आहे. साडेतीनशे वर्षांनी आज कुणाला शंका आली, तरी जबाबदार माणूस कोण हे सांगता येतं. तुझ्या नोंदीला जबाबदार कोण? ‘ॲपने सांगितलं’ हे उत्तर मी पुन्हा ऐकून घेणार नाही.

पुढचीही माणसं ऐक. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. द’आल्मेडा यांनी १९२२ मध्ये मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. ब्लॅटर यांच्या नावाचं हर्बेरियम त्याच कॉलेजात आजही आहे. पुण्यात त्र्यं. शं. महाबळे यांनी आयुष्य या गटाला दिलं. १९३८ मध्ये त्यांनी आयसोएटिसच्या एका जातीला सह्याद्रीचं नाव दिलं. ती नेच्यांची दूरची नातलग, वरून पाहिली तर गवताचा ठोंब वाटावा अशी. तिच्या जाती ओळखायच्या त्या मोठ्या बीजाणूंच्या पृष्ठभागावरच्या नक्षीवरून, आणि ती नक्षी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. ही माणसं पानाकडे नुसतं पाहून बोलत नव्हती. आर. डी. दीक्षितांनी १९८४ मध्ये भारतातल्या साऱ्या नेचेवर्गीयांची शिरगणती प्रसिद्ध केली. ख्रिस्तोफर फ्रेझर-जेन्किन्स यांनी उपखंडातल्या तीनशे जातींची फेरतपासणी २००८ मध्ये पुस्तकरूपाने काढली आणि मग सहकाऱ्यांबरोबर भारतीय नेच्यांची तीन भागांची सटीप यादी केली. पहिला भाग २०१७ चा, तिसरा २०२१ चा. त्या टिपा वाच. कुणी कुठून काय नोंदवलं, त्या नोंदीमागचा नमुना कोणता, तो प्रत्यक्षात काय निघाला, हे एकेका नावाखाली लिहिलेलं आहे. त्यात चुकीच्या ठरलेल्या नोंदी किती आहेत ते पाहिलंस तर पुन्हा ‘प्रथमच’ लिहिताना पेन थांबेल. तू त्या यादीतलं फक्त नाव शोधलंस. टिपांची पानं उलटलीसुद्धा नाहीस.

आणि पुस्तकं वाचून झाली तरी काम निम्मंच होतं. उरलेलं निम्मं कपाटांत आहे. पुण्याला कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. आघारकर संस्थेचं हर्बेरियम आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं आहे, हावड्याला केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम आहे. लंडनच्या क्यू बागेतल्या पुष्कळ मूळ नमुन्यांच्या प्रतिमा आता घरबसल्या पाहायला मिळतात. आमच्या वेळी त्या मिळत नव्हत्या, तुम्हाला मिळतात, तरी तुम्ही पाहत नाही. हर्बेरियमच्या कपाटात ‘टेरिस, जाती अनिश्चित’ असं लिहून ठेवलेली जुनी शीट असू शकते. ज्याने ती गोळा केली त्याला नाव ठरवता आलं नाही, म्हणून त्याने प्रामाणिकपणे तसं लिहिलं. अशा शीटवरून खरी नवी नोंद निघते तेव्हा संग्राहकाचा मान त्याचाच असतो, मग तो जाऊन पन्नास वर्षं झालेली का असेनात. श्रीवर्धनहून मुंबईला रोज एसटी सुटते. तुला वेळ नव्हता असं म्हणू नकोस. बातमीदारासाठी विहिरीवर उभं राहून फोटो काढून घ्यायला तुला अख्खी दुपार मिळाली होती.

बरं, समजा नाव बरोबर निघालं असतं. समजा तो खरोखरच अमेरिकेकडचा नेचा असता. तरी प्रश्न राहिलाच असता. त्या वाडीशेजारी नवा रिसॉर्ट आहे. त्याच्या पडवीत टांगलेल्या कुंड्या कुणी पाहिल्या? रोपवाटिकांतून आज जगभरचे नेचे विकले जातात. पाणी घालताना, कुंडी फुटली म्हणून माती टाकताना, वाऱ्यानेही त्यांचे बीजाणू ओल्या भिंतीवर पोचतात. तेव्हा वनस्पती लावलेली आहे, कुंडीतून निसटून एका जागी तग धरून आहे, पिढ्यान्‌पिढ्या आपली आपण वाढते आहे, की मुळातलीच इथली आहे, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि नोंदीत त्या वेगळ्याच लिहाव्या लागतात. पानाखाली पांढरी पूड असलेला पिटिरोग्रामा कॅलोमेलॅनॉस अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. आज तो दक्षिण भारतात रस्त्याकडेच्या दरडींवर कुणी न लावता वाढतो. त्याची गणना भारतात होते, पण परका म्हणून. दुसऱ्या बाजूने, नेच्याचे बीजाणू धुळीसारखे हलके असतात, वाऱ्यावर समुद्र ओलांडू शकतात, त्यामुळे श्रीलंकेतला एखादा नेचा सह्याद्रीच्या घळीत मिळाला तर तो माणसाने आणला असंही लगेच म्हणता येत नाही. ठरवायचं कसं? आजूबाजूला पाहून, वाडीवाल्या काकांना विचारून, विहीर कधी बांधली, कधी उपसली, भिंतीवर हे कधीपासून आहे हे ऐकून. तू त्यांच्या वाडीत शिरलास, त्यांच्या विहिरीवर चढलास, आणि त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीस.

नावाने काय बिघडतं, असं कुणीतरी मागे कुजबुजलं. कोण ते विचारत नाही. पण मग केरळातल्या भातशेतकऱ्यांचं ऐका. पाण्यावर तरंगणारा साल्व्हिनिया हाही नेचाच. १९५० च्या दशकापासून तो केरळच्या तळ्यांत, कालव्यांत, भातखाचरांत पसरत गेला. लोक त्याला आफ्रिकन पायल म्हणतात. नावा अडकल्या, मासे धरणं अवघड झालं, शेतात उतरायच्या आधी हा गाळ उपसायचा खर्च येऊ लागला. आफ्रिकेत झांबेझी नदीवरच्या करिबा जलाशयाचं सुमारे एक हजार चौरस किलोमीटर पाणी १९६२ पर्यंत त्याने झाकलं होतं. जगभर त्याला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा म्हणत. या नावावर विश्वास ठेवून शास्त्रज्ञ त्याचे शत्रूकीटक दक्षिण अमेरिकेत आणि त्रिनिदादला खऱ्या ऑरिक्युलाटावर शोधत बसले. किडे आणले, सोडले, उपयोग शून्य. १९७२ मध्ये मिचेल याने दाखवलं की ही जातच वेगळी आहे आणि तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव दिलं. मग तिचं खरं माहेर शोधणं सुरू झालं आणि १९७८ मध्ये ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथे तिच्यावर जगणारा एक बारीक सोंडकिडा मिळाला. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियात मूनडारा तलावात सोडला आणि साधारण वर्षभरात तलाव मोकळा झाला. गंमत वाटेल, पण त्या किड्याचंही नाव आधी चुकलं होतं. तो नव्या जातीचा आहे हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. याच किड्याने १९८० च्या दशकात केरळातलं पाणी उघडं केलं. एका चुकीच्या नावामुळे किती वर्षं गेली ते मोज, आणि त्या वर्षांत गुडघाभर पाण्यात उभं राहून तो नेचा हाताने उपसणाऱ्या बायकांचा विचार कर. नाव म्हणजे काय, हे मग मला सांग.

चुकीची नोंद एकदा झाली की पुसणं फार कठीण. सातबाऱ्यावर चुकीचं नाव चढलं तर काय होतं हे तुमच्यापैकी कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. चढवणारा एका सहीत चढवतो, उतरवायला पुढची पिढी कचेरीच्या पायऱ्या झिजवते. नेच्यांच्या बाबतीतही तेच. तुझी बातमी उद्या कुणीतरी जिल्ह्याच्या जैवविविधतेच्या नोंदवहीत घेईल, तिथून ती एखाद्या प्रबंधात जाईल, प्रबंधातून राज्याच्या यादीत. यादी करणारा प्रत्येक नमुना पाहायला हरिहरेश्वराला येऊ शकत नाही. तो विश्वास ठेवतो. तू त्या विश्वासाला हात लावलास, म्हणून मी आज आवाज चढवला आहे. आणि ही चूक खोडायला नमुनाच नाही! नमुना असता तर कुणीही कपाट उघडून दोन मिनिटांत सांगितलं असतं की हा व्हिटाटा आहे. तुझ्याकडे जे आहे त्यावरून चूक सिद्धही करता येत नाही आणि बरोबरही ठरवता येत नाही. विज्ञानात याहून निरुपयोगी वस्तू मला माहीत नाही.

मला ठाऊक आहे तुमच्यावर दडपण कसलं आहे. वनस्पती सर्वेक्षण दरवर्षी देशातल्या नव्या जाती आणि नव्या नोंदींची पुस्तिका काढतं, वर्तमानपत्रं त्यातले आकडे छापतात, मार्गदर्शकही विचारतात की तुमचं नवं काय. पण जी नोंद त्या पुस्तिकेत जाते तिच्यामागे शोधनिबंध असतो आणि शोधनिबंधामागे नमुना. शास्त्राला सर्वस्वी नवी जात असेल तर कायदाही आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार नव्या जातीची माहिती ठरवून दिलेल्या भांडाराला द्यावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता तर १९५८ पासून मूळ नमुना नेमल्याशिवाय नव्या जातीचं नाव मानतच नाही. देशाला नवी नोंद हे त्यापेक्षा लहान पाऊल, तिला हे कलम लागू नाही. म्हणून तिथे वाटेल ते चालतं असं तुम्हाला वाटतं. चालत नाही. कायदा नाही तिथे तुमचा शब्दच कायदा असतो.

शेजारी डांगात काय झालं ते पाहा. आहव्याच्या जंगलात एक ऑफिओग्लॉसम मिळाला, जेमतेम सेंटिमीटरभर उंचीचा. पायाखाली सहज जाईल असा. त्याची माहिती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, जगातला सर्वांत लहान जमिनीवरचा नेचा म्हणून. ‘सर्वांत लहान’ हा दावा केवढा मोठा! पण त्यांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहून, जवळच्या जातींशी ताडून मांडला. उद्या कुणाला तो मान्य नसेल तर वाद घालायला त्याच्यासमोर वस्तू आहे.

आता काम कसं करायचं ते पुन्हा एकदा सांगतो. आधीही सांगितलं होतं, तेव्हा निम्मे मोबाईलमध्ये होते. कोकणातला नेचा जूनमध्ये डोकं वर काढतो, श्रावण-भाद्रपदात त्याच्या पानांमागे बीजाणू धरतात आणि दिवाळीनंतर बराचसा करपून जातो. तेव्हा नमुना घ्यायचा तो पान पिकलेलं असताना, कोवळ्या हिरव्या पानावर नव्हे. फक्त शेंडा खुडून आणायचा नाही. पान दांड्यासकट, आणि दांड्याच्या तळाशी आडव्या खोडाचा तुकडा, त्यावरच्या खवल्यांसकट. नेच्याची अर्धी ओळख त्या खवल्यांत असते. त्यांचा रंग, कडा दातेरी की सरळ, पेशी कशा, हे सगळं तिथेच कळतं. खोड धुताना खरवडू नका. शीटवर एक पान पालथं लावा म्हणजे मागचे बीजाणुपुंज दिसतील. टेरिसमध्ये ते पानाच्या कडेने सलग असतात आणि पानाचीच कड त्यांच्यावर दुमडलेली असते, हे डोळ्यांनी पाहून वहीत चितारा. पिकलं पान रात्रभर पांढऱ्या कागदावर दुमडून ठेवलं की सकाळी बीजाणूंची भुकटी मिळते. एका बीजाणुधानीत किती बीजाणू ते मोजा. चौसष्ट असतील तर बहुधा लैंगिक पुनरुत्पादन, बत्तीस असतील तर बहुधा तो नेचा फलनाशिवाय वाढतो. एवढी माहिती एका साध्या सूक्ष्मदर्शकातून मिळते आणि कुठलंही ॲप ती देत नाही.

पावसाळ्यात दाबातले कागद रोज बदलायचे. आळस केलात तर बुरशी येते आणि दोन दिवसांत शीट काळी पडते. लेबलवर गाव, तालुका, वाडी, उंची, नेचा कशावर होता, ऊन किती, सोबत काय होतं, तारीख, संग्राहकाचं नाव आणि क्रमांक. ‘हरिहरेश्वर, डोंगर’ असं लिहिलेलं लेबल मी परत करीन. इथे देवस्थानाच्या भोवती चार डोंगर आहेत, त्यांतला कोणता ते लिहा. शक्य असेल तर एकाच जागेचे तीन संच करा आणि वेगवेगळ्या हर्बेरियमांत द्या, एक जळला-भिजला तरी दुसरा राहतो. पण जिथे दोनचारच ठोंब आहेत तिथे एक पान घ्या, उपटू नका. प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी कुणीही खाली उतरणार नाही. लाटांनी कोरलेल्या त्या काळ्या कातळावर खाऱ्या फवाऱ्यात नेचे नसतातच, तिथे जायचं कारण फक्त फोटो असतं. आणि हे कारण मी ऐकून घेत नाही. लोक तिथून वाहून गेले आहेत.

‘दुर्मीळ’ या शब्दाबद्दल एक. त्या बातमीत तू वाडीचं नाव, विहिरीचा फोटो, वाट, सगळं देऊन टाकलंस. तो नेचा खरंच दुर्मीळ असता तर पुढच्या रविवारपर्यंत ती भिंत सोलून निघाली असती. रोपं विकणारे असतात, हौशी असतात, नुसते उपटून पाहणारे असतात. व्हिटाटा होता म्हणून वाचला. दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा हर्बेरियमच्या लेबलवर लिहायची, वर्तमानपत्रात नाही.

तेव्हा आज संध्याकाळपर्यंत तू दुरुस्तीचं पत्र लिहिशील. ‘काही तज्ज्ञांच्या मते’ असली पळवाट नको. आढळलेला नेचा टेरिस व्हिटाटा आहे, तो सर्वत्र आढळतो, आधीची माहिती चुकीची होती, खाली तुझं नाव. ते पत्र त्याच वर्तमानपत्राला जाईल. त्यानंतर वाडीवाल्या काकांकडे जाऊन माफी मागशील आणि विहिरीवर यायची परवानगी घेशील. त्या भिंतीवरचा नमुना रीतसर घ्यायचा आहे. तुझ्या पहिल्या शीटवर व्हिटाटाच असेल, आणि ती शीट मी पुण्याला पाठवीन. सामान्य नेच्याची उत्तम शीट करता येत नाही, त्याने दुर्मीळाच्या मागे लागू नये.

तुझ्यात डोळा नाही असं मी म्हटलेलं नाही. भिंतीवरच्या नेच्याजवळ थांबावंसं वाटणारी मुलं किती असतात ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तुला एक काम देतोय, आणि ते अवघड आहे. इथून बागमांडल्याकडे जाताना रस्त्याकडेच्या जांभ्याच्या कापांवर पावसाळ्यात अर्धचंद्रासारख्या पर्णिकांचा हंसराज दाटतो, ॲडिअँटम फिलिपेन्स. पानाचं टोक जमिनीला टेकलं की तिथेच मूळ धरून नवं रोप करतो. भारतात त्याच्या द्विगुणित, त्रिगुणित, चतुर्गुणित अशा वेगवेगळ्या गुणसूत्रसंख्यांच्या वनस्पती आहेत, आणि त्रिगुणित फलनाशिवाय वाढतात. वरून सगळ्या सारख्याच. हरिहरेश्वराच्या कापांवर कोणत्या आहेत? वेगवेगळ्या ठिकाणचे ठोंब घे, प्रत्येकाला क्रमांक दे, बीजाणुधान्या फोडून बीजाणू मोज, चौसष्ट की बत्तीस ते वहीत मांड. गुणसूत्रं मोजायला कळ्यांसारखी कोवळी पानं लागतील, ती सकाळी लवकर काढून द्रावणात घालायची. ते तंत्र पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत दाखवीन. यातून ‘प्रथमच’ निघेल की नाही याच्याशी तुला सध्या काही देणंघेणं नाही. मोजणी खरी असली पाहिजे.

काकांकडे दुपारी जाऊ नकोस, झोपेची वेळ असते. चारनंतर जा.